चांदीची की मुलाम्याची? जुन्या चंदेरी भांड्यांची ओळख आणि निगा



दिवाळीच्या आधी घरोघरी माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात. धार, देवास, इंदूर आणि आपल्या नालछ्याच्या बाजूला पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत अशा एखाद्या पेटीत जुन्या साडीत गुंडाळलेले काहीतरी हमखास निघते. कधी मोठे तबक, कधी नक्षीदार चहाची किटली आणि तिच्या जोडीची दूध-साखरेची भांडी, कधी काटे-चमच्यांचा अपुरा संच, कधी गुलाबदाणी. रंग काळपट, कडांना पिवळट झाक. घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, "चांदीचे आहे, आजोबांना मिळाले होते." मग पुढे दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर कोणीतरी उत्साहाने राख, चिंच नाहीतर रांगोळी घेऊन ते घासायला बसते. नाहीतर सराफाकडे नेल्यावर "ही चांदी नाही" असे ऐकून सगळ्यांचा हिरमोड होतो आणि ती वस्तू मोडीत जाते. दोन्ही प्रकारांत झालेले नुकसान भरून येत नाही, म्हणून यंदा या विषयावर थोडे विस्ताराने लिहावे असे आम्हांस वाटले.

ही भांडी आपल्याकडे आली कुठून, हे आधी पाहू. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि माळव्यावर इंग्रजांचा पगडा बसला. त्याच वर्षी महूची छावणी उभी राहिली. सर जॉन माल्कम तर १८२० च्या सुमारास आपल्या नालछ्यातीलच एका जुन्या महालात मुक्काम करीत. साहेब आला, त्याच्या मागोमाग त्याचे टेबल आले, आणि टेबलाबरोबर काटे-चमचे, किटल्या, तबके आली. बदली झाली किंवा मायदेशी परतायची वेळ आली की सामान विकून टाकायची इंग्रज अधिकाऱ्यांची रीत होती. धारचे पवार, देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे पवार, इंदूरचे होळकर, ग्वाल्हेरचे शिंदे या दरबारांत साहेबांची सरबराई करावी लागे, तेव्हा तिथेही विलायती टेबल मांडले जाऊ लागले. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची छोटी आगगाडी आजही पाहायला मिळते. मद्याची सुरई उचलली की ती थांबते आणि परत ठेवली की चालू लागते. शाळेच्या सहलीत मुलांना सर्वांत जास्त आवडणारी वस्तू बहुधा तीच.

दरबारात जे खऱ्या चांदीचे असे, ते दिवाण, कारभारी, वकील, डॉक्टर यांच्या घरी मुलाम्याचे आले. दिसायला तसेच, किमतीला परवडणारे. म्हणजे आपल्या पेट्यांतून निघते ते बहुतेक करून मुलाम्याचे असते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

आता एक शब्दांचा घोटाळा दूर करू. आपल्या बोलण्यात 'जर्मनचे भांडे' म्हणजे ॲल्युमिनियमचे भांडे. पण 'जर्मन सिल्व्हर' हा धातू अगदी वेगळा. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदीचा कणही नसतो. त्याचा रंग मुळातच पांढरट असल्यामुळे वरचा चांदीचा थर झिजला तरी चटकन लक्षात येत नाही, म्हणून मुलाम्याच्या भांड्यांसाठी तो सर्वांत जास्त वापरला गेला. तशीच गफलत कल्हई आणि मुलामा यांत होते. कल्हई म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा हात. तो उडाला की पुन्हा द्यायचा, वर्षातून दोनदाही. मुलामा चांदीचा असतो, बाहेरून असतो, आणि तो कल्हईसारखा वरचेवर देण्याची गोष्ट नाही.

मुलामा देण्याच्या दोन पद्धती जुन्या भांड्यांत सापडतात. पहिली शेफील्डची. इंग्लंडमधील शेफील्ड गावच्या थॉमस बोल्सोव्हर नावाच्या कारागिराने १७४३ च्या सुमारास तांब्याच्या जाड तुकड्यावर चांदीचा पत्रा ठेवून तापवला आणि दोन्ही एकजीव झाल्यावर लाटून त्याचा पत्रा केला. असे भांडे झिजले की कडेला लालसर तांबे दिसू लागते. दुसरी पद्धत विजेची. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन बंधूंनी तिचे पेटंट घेतले. जॉन राइट या शल्यवैद्याने पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात चांदी उत्तम बसते हे शोधले होते, त्यावर ती उभी होती. दहावीच्या विद्यार्थ्यांना विद्युत विलेपन ठाऊक आहेच. भांडे ऋण टोकाला, चांदीची पट्टी धन टोकाला, मध्ये द्रावण. सायनाइड हे जालीम विष आहे, त्यामुळे हा प्रयोग वहीतच ठेवावा. या शोधानंतर पंधरा-वीस वर्षांत शेफील्डची जुनी पद्धत जवळजवळ बंद पडली आणि मध्यमवर्गाच्या घरात चंदेरी किटली आली. फ्रान्समध्ये क्रिस्तोफ्ल या पेढीने १८४२ साली एल्किंग्टनांकडून हक्क घेऊन तोच उद्योग सुरू केला.

ओळख कशी पटवायची?

भांडे उपडे करा. किटली, तबक यांच्या बुडाला आणि चमच्याच्या दांड्याच्या मागे शिक्के असतात. भिंग घ्या, उजेड तिरपा येईल असे बसा. इंग्रजी ई, पी, एन, एस ही चार अक्षरे दिसली तर प्रश्न मिटला: जर्मन सिल्व्हरवर विजेने दिलेला मुलामा. एन आणि एस ऐवजी बी आणि एम असेल तर आतला धातू ब्रिटानिया, म्हणजे कथील, अँटिमनी आणि थोडे तांबे. हा मऊ असतो, पटकन वाकतो आणि कमी उष्णतेला वितळतो. अशी किटली शेगडीवर ठेवली तर बूड गळून पडेल. नुसते 'ए वन' असे लिहिले असेल तर तो कारखानदाराने स्वतःच दिलेला मुलाम्याचा दर्जा, शुद्धतेचा सरकारी दाखला नव्हे.

इथे बरेच लोक फसतात. कारखानदार ही चार अक्षरे जुन्या लिपीत, एकेक ढालीच्या आकाराच्या चौकटीत अशी छापत की दुरून ती चांदीच्या सरकारी शिक्क्यांसारखीच दिसावीत. खऱ्या इंग्रजी चांदीवर पाऊल उचलून चालणारा सिंह असतो. त्याशिवाय गावाची खूण असते: लंडनचे बिबट्याचे मस्तक, बर्मिंगहॅमचा नांगर, शेफील्डचा १९७४ पर्यंतचा मुकुट. वर्षाचे एक अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरेही असतात. सिंह असेल तर हजारात ९२५ भाग चांदी. सिंह नसेल आणि नुसती ढाली-ढालींची रांग असेल, तर सावध राहावे. मॅपिन अँड वेब, वॉकर अँड हॉल, एल्किंग्टन ही नावे पाहूनही निष्कर्ष काढू नये, कारण या पेढ्या खरी चांदी आणि मुलामा दोन्ही विकत. कलकत्त्याच्या हॅमिल्टन किंवा मद्रासच्या पी. ऑर यांच्या नावाचेही तसेच. नाव दुकानाचे, धातूचे नव्हे.

आपल्याकडच्या सोनारांनी घडवलेल्या चांदीवर मात्र पुष्कळदा कसलाच शिक्का नसतो. भारतीय मानक ब्यूरोचे चांदीचे हॉलमार्किंग २००५ साली सुरू झाले, तेव्हा आजीच्या निरांजनावर ते शोधून उपयोग नाही. शिक्का नाही म्हणून चांदी नाही, असे इथे म्हणता येत नाही.

शिक्क्याने निकाल लागला नाही तर झिजेकडे पाहावे. चमचा टेबलावर टेकतो तो त्याच्या पोटाचा उंचवटा, काट्याची टोके, तबकाच्या पायाची कड, किटलीच्या मुठीची आतली बाजू. सतत घासल्या जाणाऱ्या या जागी वेगळा रंग डोकावतो का? लालसर असेल तर आत तांबे, पिवळट-करडा असेल तर जर्मन सिल्व्हर, शिशासारखा निळसर-करडा असेल तर ब्रिटानिया. चांदीचे भांडे कितीही झिजले तरी आतून चांदीच निघते. लोहचुंबकाचा उपयोग मर्यादित आहे. तो चिकटला तर आत लोखंड आहे हे नक्की, पण जर्मन सिल्व्हरलाही तो चिकटत नाही, त्यामुळे न चिकटणे म्हणजे चांदी असा अर्थ होत नाही. कसोटीच्या दगडावर घासून पाहिले तर वरचा थर चांदीचाच उमटणार. म्हणूनच सराफ कानस मारून आत पाहतो. तशी वेळ आलीच तर बुडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी मारायला सांगावे. नक्षीवर नको. आम्लाचे थेंब टाकून घरी परीक्षा करणे तर मुळीच नको.

याहून चांगली परीक्षा शाळेतच करता येते, आणि तिने भांड्याला ओरखडाही पडत नाही. आर्किमिडीजची ती जुनी युक्ती. एकाच संचातले सहा चहाचे चमचे घ्या. शाळेच्या तराजूवर वजन करा. समजा १५६ ग्रॅम भरले. आता मोजपात्रात पाणी घेऊन चमचे दोऱ्याने बांधून हलकेच सोडा आणि पाणी किती चढले ते पाहा. चांदीची घनता साधारण १०.४, जर्मन सिल्व्हरची ८.७ च्या आसपास. चमचे चांदीचे असतील तर पाणी १५ मिलिलिटर चढेल, जर्मन सिल्व्हरचे असतील तर १८, आणि स्टीलचे निघाले तर २०. एकाच चमच्यावर हा प्रयोग केला तर फरक इतका थोडा पडतो की वाचनात चूक होते, म्हणून सहा एकदम. हवेचे बुडबुडे चिकटलेले असतील तर दोरा हलवून काढावेत. सुऱ्यांवर हा प्रयोग करू नये. त्यांच्या मुठी पोकळ असतात, आत राळेसारखा पदार्थ भरलेला असतो आणि पाते लोखंडी असते.

आता गणिताचा एक प्रश्न, आठवीच्या मुलांसाठी. तबकाचा व्यास ३० सेंटीमीटर आहे. दोन्ही बाजूंना मिळून क्षेत्रफळ सुमारे १४१४ चौरस सेंटीमीटर. चांगल्या जुन्या मुलाम्याचा थर २० मायक्रॉन धरला, म्हणजे ०.००२ सेंटीमीटर, तर चांदीचे घनफळ २.८३ घनसेंटीमीटर होते. त्याला १०.५ ने गुणा. उत्तर येते जवळपास ३० ग्रॅम. तबक ९०० ग्रॅमचे असेल तर त्यात ८७० ग्रॅम दुसराच धातू. तोही नवेपणी. शंभर वर्षे घासल्यावर काय उरले असेल ते निराळेच. चांदीचा भाव २०२५ सालात किलोमागे लाखाच्या बराच पुढे गेला, आणि तेव्हापासून जुनी भांडी मोडीत काढण्याचा मोह वाढला आहे. पण हे ३० ग्रॅम वेगळे काढायला रसायने लागतात, म्हणून मोड घेणारा ते हिशेबातच धरत नाही. तो तबकाला पितळेच्या आसपासचा भाव देतो. वाटणीच्या वेळी 'चांदीचे तबक थोरल्याला गेले' म्हणून भावाभावांत अबोला धरण्याआधी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे.

हे वाचून कोणी म्हणेल, मग ठेवायचे तरी कशाला? बाजारात मोठी किंमत येईल असे आमिष आम्ही दाखवणार नाही. मुलाम्याच्या बहुतेक वस्तूंना ती येत नाही. पण त्यांच्यावर कोरलेले असते ते पाहा. कोणा मुख्याध्यापकांना निरोपाच्या वेळी दिलेली किटली, दरबारच्या समारंभाचे साल, आजोबांची मोडीतील आद्याक्षरे. भांडे वितळले की हा मजकूरही गेला. इंदूरच्या माणिकबागेचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० नंतर एकार्ट मुथेझिउस या जर्मन वास्तुविशारदाकडून तो महाल बांधून घेतला. टेबलावरची चांदी पॅरिसच्या झाँ पुईफोर्का यांची होती. १९८० साली महालातील सामानाचा मोनाकोमध्ये लिलाव झाला आणि वस्तू जगभर पांगल्या. तेथील एकेक खुर्ची आज परदेशी संग्रहालयांत मिरवते, आणि माणिकबागेत सरकारी कर खात्याचे कार्यालय आहे. ती गोष्ट राजाची, पण घरातील पेटीलाही तसाच पाय फुटतो.

निगा

चांदी गंजत नाही, पण काळी पडते. हवेतील गंधकाच्या वायूशी तिचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. कांदा, लसूण, अंडी, रबर, लोकर या सर्वांत गंधक असते. म्हणून रबर लावून बांधलेले चमचे बरोबर त्या रबराच्या पट्ट्याखालीच काळे होतात. मीठ त्याहून वाईट. ते ओलावा धरते आणि थर खाऊन खड्डे पाडते. जुन्या मीठदाण्यांत निळ्या काचेची वाटी बसवलेली असे ती याचसाठी. तेव्हा हौसेने मुलाम्याच्या भांड्यात पोहे द्यायचे असतील तर द्यावेत, पण लिंबू पिळलेले पोहे त्यात तासभर ठेवू नयेत, आणि लोणचे तर नकोच. जिथे थर उडून तांबे किंवा जर्मन सिल्व्हर उघडे पडले आहे, त्या भांड्यात आंबट पदार्थ खाण्यासाठीही चांगला नाही. असे भांडे शोभेला ठेवावे.

एक गोष्ट मनात पक्की धरावी. काळेपणा ही चांदीच आहे, गंधकाशी जोडली गेलेली. ती घासून काढली की तेवढी चांदी फडक्यावर जाते आणि परत येत नाही. भरीव चांदीच्या फुलपात्राला हे शंभर वर्षे सोसते, कारण खाली पुन्हा चांदीच असते. २० मायक्रॉनचा थर मात्र आपल्या केसापेक्षाही पातळ आहे. राख, रांगोळी, वीट, दंतमंजन, टूथपेस्ट, तांब्या-पितळेसाठी मिळणारी पूड, तारेची घासणी, यांपैकी काहीही त्याला लावू नये. चिंच-लिंबूही नको. पितळेचे निकष मुलाम्याला लावल्यानेच आपल्याकडची निम्मी भांडी पिवळी झाली आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग करावे काय? वापर झाला की लगेच कोमट पाण्यात, भांड्यांच्या सौम्य साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने मऊ हाताने धुवावे, आणि तिथल्या तिथे जुन्या सुती धोतराच्या फडक्याने कोरडे करावे. वाळत ठेवू नये, पाण्याचे डाग पडतात. पोकळ मुठीच्या सुऱ्या पाण्यात भिजत ठेवू नयेत. मुठीतली राळ सुटते आणि पाते हातात येते. खरे सांगायचे तर नेहमी वापरात असलेले चमचे फारसे काळे पडतच नाहीत. पेटीत कोंडलेलेच पडतात.

काळेपणा फारच असेल तर एक उपाय आहे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, किंवा दुसऱ्या पसरट भांड्यात ॲल्युमिनियमचा पातळ कागद अंथरून, लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालावा. वस्तू ॲल्युमिनियमला टेकेल अशी बुडवावी. दोन-तीन मिनिटांत काळेपणा उतरतो. सडक्या अंड्यासारखा किंचित वास येतो, तो गंधकाचा. यात ॲल्युमिनियम गंधकाला चांदीपासून सोडवते आणि चांदी भांड्यावरच राहते. नववी-दहावीच्या मुलांनी याचे समीकरण लिहून पाहावे. पण हा उपाय सर्रास करू नये. नक्षीच्या खाचांत मुद्दाम राखलेला काळेपणा त्याने निघून जातो आणि नक्षी सपाट दिसते. लाकडी किंवा हस्तिदंती मुठीची, चिकटवलेली, पोकळ, किंवा थर उडू लागलेली वस्तू त्यात बुडवू नये. चकाकीही थोडी मंद होते. बाजारात मिळणारी बुडवून काढायची रसायने आम्लयुक्त असतात, ती मुलाम्याला न लावलेलीच बरी. वर्षातून एकदा चांदीसाठीच बनवलेले मऊ पॉलिश, तेही सुती कापडावर थोडेसे घेऊन, शिक्के आणि कोरीव अक्षरे टाळून, इतके पुरे.

ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नये. शालीचे तुकडे, मखमल, रबर नको. धुतलेली, स्टार्च नसलेली सुती धोतरे-लुगडी सर्वांत उत्तम, वरून बंद होणारी प्लास्टिकची पिशवी आणि आत सिलिका जेलची पुडी. माळव्याचा उन्हाळा कोरडा आणि पावसाळा दमट. देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली सचिव म्हणून आलेले इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांना राजवाड्यात नवे कोरे पियानो कोरड्या हवेने तडकून निकामी झालेले आढळले होते. चांदीचा शत्रू मात्र उन्हाळा नव्हे, आषाढ-श्रावण. तेव्हा पुड्या मृगाच्या आधी बदलाव्यात.

विश्वस्त मंडळींसाठी दोन शब्द. जुन्या शाळांच्या कपाटांतील चषक आणि ढाली बहुतेक मुलाम्याच्याच असतात. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी त्या घासून लखलखीत करण्याची सर्वत्र प्रथा आहे. त्यात विजेत्यांची कोरलेली नावे दरवर्षी थोडी थोडी बुजतात. काही चषकांवर तर साल वाचण्यासाठी आताच भिंग लागते. चषक कोरड्या मऊ फडक्याने पुसून मांडावेत, एवढीच विनंती. पुन्हा मुलामा चढवून घेण्याची सूचना अधूनमधून येते. तिच्याबाबत सांगायचे तर, मुलामा चढवणारा आधी जुना थर काढतो आणि चाकावर पृष्ठभाग गुळगुळीत करतो. त्यात उथळ अक्षरे जातात. ज्यावर काहीच कोरलेले नाही अशा तबका-किटलीला मुलामा जरूर द्यावा, नावांच्या चषकाला देऊ नये. साठानोंदवहीत 'चांदीचा कप, एक' असे न लिहिता वजन, उंची, बुडाचा शिक्का आणि कोरलेला संपूर्ण मजकूर उतरवून घ्यावा, सोबत एक छायाचित्र चिकटवावे.

विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील एका वस्तूची अशीच नोंद या सुट्टीत करून आणावी: शिक्क्याचे पेन्सिलीने काढलेले चित्र, झिजलेल्या जागेचा रंग, शक्य असल्यास पाण्याच्या प्रयोगाचे आकडे, आणि ती वस्तू घरात कोणाला, कधी, कशाबद्दल मिळाली ते आजी-आजोबांना विचारून चार ओळींत. वस्तू मात्र शाळेत आणू नये. वही शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावी.